पोरीसाठी गोणीभर माती

माझी पोरगी सहा वर्षांची झाली तरी परकर खराब करायची. हे मी आजही मान खाली घालून सांगणार नाही. लोक आपल्या लेकरांचं पहिलं पाऊल, पहिला बोल कौतुकानं सांगतात आणि या गोष्टीवर मात्र पदर ओढतात, जसं काही त्यांची लेकरं फुलं हगत होती. आमच्या गल्लीतल्या एका बाईला मी हे तोंडावर विचारलं होतं. त्यानंतर ती कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि माझं काही अडलं नाही.

आम्ही अचलपूरकडचे माळी. गावाबाहेर विहीर, विहिरीवर मोट, आणि त्या पाण्यावर वांगी, भेंडी, मेथी, कोथिंबीर. घरात दोघे भाऊ. पिकवायचं आम्ही आणि अमरावतीच्या बाजारात खायचं दलालांनी, असं चाललेलं. शेवटी ठरलं की धाकट्यानं मळा पाहायचा आणि थोरल्यानं, म्हणजे आमच्या घरच्यांनी, अमरावतीत राहून स्वतः बाजारात बसायचं. म्हणून मी, पोरगी, सासू आणि हे, असे आम्ही परकोटाच्या आत दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायला आलो. तेव्हा वऱ्हाडचा कारभार नागपुरातून चालायचा, वर इंग्रज होता, आणि आमच्या घरावर सासूचं राज्य होतं.

मला शहराचं काही कौतुक नव्हतं. मला एकच दिसत होतं. घरापासून हाकेच्या अंतरावर मुलींची शाळा होती. मी स्वतः दुसरीपर्यंत शिकले. तिसरीत गेले आणि लग्न जुळलं. बाप शाळेत गेला, मास्तरांना सांगून नाव काढून आला आणि घरी येऊन म्हणाला, झालं एकदाचं. काय झालं होतं एकदाचं? त्याचा राग माझ्या मनातून कधी गेला नाही, आणि मी तो जाऊही दिला नाही. आज हे लिहिते ते त्या दुसरीच्या जोरावर आणि नंतर घरात हाती लागेल तो कागद वाचून. लिहिताना मी शाळेतलं लिहिते, भांडताना मात्र वऱ्हाडीच.

तर माझ्या पोरीनं त्या शाळेत जायचं, हे मी गाडीत भांडी भरतानाच ठरवलं होतं.

आमच्या नव्या घराच्या मागच्या अंगणात चार बिऱ्हाडांत मिळून एक पायखाना होता. दोन दगडी पायऱ्या, वर दोन फरश्या, खाली टोपली. सकाळी मागच्या बोळातून मेहतरीण येऊन ती टोपली रिकामी करून नेई. शहरातली ती रीत होती. आम्हाला सुरुवातीला अवघड गेलं, पण माणूस शिकतो. पोरगी मात्र शिकेना. पहिले एक-दोन दिवस गेली आणि मग जी थांबली ती थांबलीच. कोपऱ्यात जाऊन उभी राहायची, पायात पाय अडकवून, दाराची चौकट घट्ट धरून, तोंड लालबुंद. पायखान्यात नेऊन बसवलं की किंचाळायची. दिवसच्या दिवस असे जायचे. पोट दगडासारखं व्हायचं, जेवण तुटायचं, आणि मग कधीतरी, खेळताना नाहीतर बाजारात, आपसूक परकर खराब व्हायचा. तिला कळायचंही नाही. कळलं की ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. ते पाहून माझं काळीज फाटायचं.

आणि ही तीच पोरगी, जी मळ्यात तीन वर्षांची असल्यापासून एकदाही चुकली नव्हती!

"नाटकं करून राहिली," शेजारीण म्हणाली.

"लाडानं बिघडवली पोट्टी," सासू म्हणाली. "दे एक रट्टा."

मी रट्टा दिला नाही. एरंडेल दिलं एकदा, त्यानं तर असा गोंधळ झाला की विचारू नका. मग सासूनं बिब्बा काढला. आमच्याकडं पोटाच्या दुखण्यावर बिब्ब्याचं तेल काढून बेंबीभोवती डाग देतात. तिच्या स्वतःच्या पोटावर तसल्या डागांचे काळे वण होते आणि ती ते अभिमानानं दाखवायची. तिनं बिब्बा सुईला टोचला, दिव्यावर धरला. पोरगी माझ्या मागं लपली. मी सासूच्या हातातली सुई घेतली आणि बिब्ब्यासकट भिंतीपलीकडं भिरकावली.

"हे काय वं!" सासू ओरडली. "मी काय तिची वैरीण हाव?"

"वैरीण नाई, आत्याबाई. पन डाग द्याचा असंन तं आधी मले द्या, मंग पोट्टीले."

त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. हे बाजारातून आले, दोघींची तोंडं पाहिली आणि फुटाणे खाऊन झोपले. आमच्या घरचे स्वभावानं गरीब. दोन बायांच्या भांडणात कुणाची बाजू घ्यायची नाही, हा त्यांचा धर्म.

शाळा उघडली तेव्हा मी तिला वेणी घालून, नवा परकर नेसवून घेऊन गेले. बाई पुण्याकडच्या होत्या. पांढरं स्वच्छ लुगडं, आवाज बारीक पण करडा. आमची बोली ऐकून त्यांना सदा वाटायचं की आम्ही भांडतोच आहोत. त्यांनी नाव विचारलं, वय विचारलं, पाटी आहे का विचारलं आणि पोरीला पहिल्या रांगेत बसवलं. मी घरी येऊन गूळ वाटला. दुपार व्हायच्या आत शाळेची गडीबाई पोरीला हाताला धरून दारात आली. परकर खराब झाला होता. बाकीच्या पोरींनी नाकं दाबली होती, आणि एकीनं तिला "हागरी" म्हटलं होतं. गल्लीत ते नाव संध्याकाळपर्यंत पसरलं.

मी तशीच शाळेत गेले. बाई शांत होत्या.

"हे पाहा, तुमच्या मुलीचं मी नाव लिहून घेतलं आहे, ते काढत नाही. पण तिला ही सवय लागल्यावरच आणा. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वाट पाहीन. त्यानंतर मात्र नाव कमी करावं लागेल. माझ्या बाकीच्या मुली आहेत."

खोटं कसं बोलू, बाई काही वाईट बोलल्या नव्हत्या. पण "नाव कमी करावं लागेल" हे शब्द ऐकले आणि माझ्या डोळ्यांपुढं माझा बाप उभा राहिला. घरी आल्यावर सासू म्हणाली, "बरं झालं. पोरीच्या जातीले कायची शाळा? अचलपूरले नेऊन ठेवू. म्हशीमागं जाईन, रांधाले शिकन, दोन साल गेले का सोयरीक पाहू." ती हे रागानं नव्हती बोलली. तिला ते खरंच बरं वाटत होतं. मला त्याचाच जास्त राग आला.

पोळ्याला आम्ही सगळे अचलपूरला गेलो. मोटेच्या बैलांना त्या दिवशी सुट्टी, त्यांना धुवायचं, शिंगं रंगवायची, झूल घालायची. घरात पुरणाची गडबड. मी चुलीवर पुरण घोटत असताना पाहिलं की पोरगी ओसरीवरचं खुरपं घेऊन भेंडीच्या वाफ्यांकडं निघाली. कुणाला काही न सांगता. मी हात न धुता मागं गेले आणि झाडाआड उभी राहिले. तिनं बांधाच्या कडेला खुरप्यानं खड्डा केला, बसली, जवळच्या दांडात, मोटेच्या पाण्याच्या चरीत, साचलेल्या पाण्यानं धुतलं, माती ओढली आणि हातानं थोपटून थोपटून सपाट केलं. मग उठून उड्या मारत बैलांकडं गेली.

मी तशीच उभी राहिले. पुरण करपलं.

आता माळ्याच्या घरातली ही रीत सांगायला पाहिजे. भाजीच्या मळ्यात घाण उघडी ठेवून चालत नाही. माशा बसतात, आणि त्याच माशा उद्या बाजारात जायच्या मेथीवर. शिवाय मातीखाली गेलं की त्याचं खत होतं, वाया काही जात नाही. म्हणून आमच्याकडं लेकराला चालता यायला लागलं की त्याच्या हातात खुरपं देतात. खड्डा कर, बस, धू, झाक, थोपट. हे शिकवायचं काम माझ्या सासूचं. घरातल्या सगळ्या पोरासोरांना तिनंच शिकवलं, आणि लेकरांनी विसरू नये म्हणून ती सांगायची, "उघडं टाकून उठलं का मळा रुसते."

मी पोरीला विहिरीवर गाठलं. रागावले नाही. शेजारी बसले.

"इथं होते बाप्पा तुले. तिथं कावून नाई होत?"

तिनं एक खडा उचलून विहिरीत टाकला. मग म्हणाली, "तिथं झाकाले माती नाई."

"मंग?"

"मी उघडं टाकलं. तं बाबाची गाडी उलटली."

अगं माझे बाई! आम्ही शहरात आलो त्याच आठवड्यात बाजाराच्या तोंडाशी आमची गाडी खरंच उलटली होती. वांग्याच्या टोपल्या रस्त्यावर, वांगी गुरांच्या पायाखाली, आणि हे डोक्याला हात लावून घरी आलेले. आम्ही मोठी माणसं ते विसरून गेलो होतो. सहा वर्षांचं लेकरू तेव्हापासून बापाचा मळा पोटात दाबून धरून बसलं होतं. आणि आम्ही तिला एरंडेल पाजत होतो, नाटकी म्हणत होतो.

मी तिला पोटाशी धरलं आणि म्हटलं, गाडी उलटली ती चाकाची खीळ निसटली म्हणून, तुझ्यामुळं नाही. तिनं मान डोलावली. पण मला दिसत होतं, तिला पटलं नव्हतं. आजी म्हणते ते खोटं कसं असेल?

मी सासूला सगळ्यांसमोर सांगितलं. वाटलं होतं, आता तरी ती म्हणेल की चला, कळलं एकदाचं. ती तर उलट उजळली.

"मंग मी काय म्हनत होती? तिच्या जीवाले मळाच मानवते. राहू दे तिले इथंच."

"आत्याबाई, तुमी शिकवलं तेच तिनं ऐकलं. आन शिक्षा तिलेच?"

"शिक्षा कायची? इथं काय वाघ हाय?"

"इथं शाळा नाई."

"शाळा, शाळा! तुले काय पोट्टीले कलेक्टर कराचं हाय?"

"झाली तं झाली कलेक्टर. म्हशीमागं मी नाई जाऊ देत."

परतायच्या दिवशी गाडीत भाजीच्या टोपल्या भरल्या होत्या. मी भेंडीच्या वाफ्यातून एक गोणी भरून माती आणली आणि टोपल्यांवर ठेवली. दिरानं वाट अडवली नाही, पण हसला. आमच्या घरच्यांनी डोक्याला हात लावला.

"अवं, लोकं शहरात भाजी नेतात. तू माती नेऊन राहिली?"

"मळा येत नाई तं मळ्याची माती येईन. बैलं हाकला."

त्यांनी बैलं हाकली.

शहरात मी ती माती पायखान्यात फरशीशेजारी डब्यात ठेवली आणि पोरीच्या हातात एक खापर दिलं. घरमालकीण कंबरेवर हात ठेवून आली. "माती टाकली तर टोपली जड होईल. मेहतरीण उचलणार नाही, मग चार घरांनी काय करायचं?" बोलणं चुकीचं नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या बोळात जाऊन मेहतरणीचीच वाट पाहिली आणि तिला विचारलं. ती आधी माझ्याकडं बघतच राहिली, कारण त्या बोळात येऊन तिच्याशी कुणी बोलत नसे. मग म्हणाली, "मूठभर टाक न बाई. लेकराचंच हाय." तेवढं बोलून मी घरी आले तर सासूनं मला अंगणातच थांबवलं. विटाळ झाला म्हणून डोक्यावरून पाणी ओतलं. मी म्हटलं, ओता अजून, उकडूनच राहिलं आहे. मला त्या विटाळाचा तेव्हाही संताप यायचा, आताही येतो.

पोरीला मी रोज सकाळी घेऊन जायचे. दार उघडं, मी पायरीवर, तिचा एक हात माझ्या हातात. घाई करायची नाही, ओरडायचं नाही, एवढं मी स्वतःला बजावलं होतं, आणि माझ्यासारखीला तेच सगळ्यात जड. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. मागं शेजारचे लोक तांब्या घेऊन ताटकळत उभे. "झालं का वं तुमचं?" एकानं विचारलं. "नाई झालं. थांबवत नसंन तं जा मैदानात," मी म्हटलं. आणखी काही दिवस गेले आणि एका सकाळी तिनं माझा हात सोडला. जरा वेळानं खापरानं माती ओढल्याचा खरखर आवाज आला, आणि मग माती खाली पडल्याचा. मी त्या पायरीवर रडले. मोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. ऐकू दे.

घरचं जमलं, पण शाळेचं राहिलंच होतं. शाळा सकाळी भरायची ती दुपारपर्यंत. मधे पोरीला लागलं आणि तिथं माती नसली तर ती पुन्हा दाबून धरणार, आणि पुन्हा तेच. मी डबा घेऊन बाईंकडं गेले.

"शाळेच्या पायखान्यात माती?" बाई म्हणाल्या. "एकीला दिली की सगळ्या मागतील."

"मागू द्या. आमच्याकडं लय माती हाय."

"आणि पालकांनी शाळेच्या वेळात आत यायचं नाही. तसा नियम आहे."

"मंग मी भाईर बसते."

"बाहेर कुठं?"

"रस्त्यावर. शाळा तुमची, रस्ता सरकारचा."

त्यांनी हजेरीची वही मिटली. मग म्हणाल्या की मधल्या सुट्टीत पाच मिनिटं आत येता येईल, पण परकर एकदा जरी खराब झाला तरी त्याच दिवशी नाव कमी. दुसरी सवलत नाही. "तुमी अ-आ शिकवा, बाई," मी म्हटलं, "हे मी शिकवते." त्यांना राग आला असणार. आला तर आला.

दुसऱ्या दिवसापासून मी शाळेच्या फाटकासमोर कोथिंबीर-मिरच्यांची पाटी मांडून बसले. पाटी मांडली की कुणी हुसकावत नाही, बाजारात बसणाऱ्याला एवढं कळतं. घंटा झाली की डबा घेऊन आत. पोरगी धावत येऊन माझा हात धरायची. पोरी रांग लावून पाहायच्या, "मातीवाली, मातीवाली" म्हणायच्या. मी अंगावर धावून गेले की पळायच्या. एक दिवस तर फार कठीण गेला. पोरगी बसली, पण घाबरून उठली, आणि घंटा झाली. वर्गात परत गेली तेव्हा तिचे पाय पुन्हा एकात एक अडकलेले मला दिसले. मी फाटकाबाहेर बसून गिऱ्हाइकाला काय दिलं, किती दिलं, काही आठवत नाही. शाळा सुटली तशी मी तिला उचलून घरापर्यंत पळाले. पायरी चढेपर्यंत दोघींच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पण परकर कोरडा राहिला.

दिवाळी जवळ आली होती. एके दिवशी घंटा झाली, मी उठले, डबा घेतला. पोरगी आली, पण धावत नाही. चालत. तिनं माझा हात धरला नाही, डबाच धरला.

"दे इकडे."

"चाल, मी येते."

"तू नोको येऊ. इथंच बस."

मी कसली ऐकते! मागं मागं गेलेच. तिनं आत जाऊन दार लावून घेतलं आणि आतून कडी घातली. आजवर तिनं दार कधी लोटूही दिलं नव्हतं. मी पायरीवर उभी राहिले.

"माय," आतून आवाज आला, "पायरीवर हाय काय तू?"

"हाव."

"जाय ना वं घरी! पोट्ट्या मले नाई हासत आता. तुले हासतात. उद्यापासून येऊ नोको."

मी पायरीवरून उतरले. माझं तोंड तापलं होतं. इतके दिवस ऊन खाल्लं, गल्लीशी भांडले, सासूशी भांडले, आणि ही टिचभर पोरगी मला वाट दाखवते! मागं वळून पाहिलं तर बाई व्हरांड्यात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असणार. पदर तोंडाला लावून त्या आत गेल्या. मी पाटी उचलली आणि अर्धा माल तसाच घेऊन घरी निघाले.

सासू ओट्यावर मेथी निवडत बसली होती. मला अवेळी एकटी परत आलेली पाहून तिच्या हातातली जुडी थांबली. तिचा चेहरा फुलला, खोटं नाही सांगत.

"हाकललं ना?"

"हाव. हाकललं."

"मी म्हनतच होती. बाईनं हाकललं?"

"बाईनं नाई, आत्याबाई. पोट्टीनं. आन तिले नाई, मले हाकललं."

सासूनं हातातली जुडी खाली ठेवली. मी तिच्यासमोर बसले, अर्धी मेथी माझ्याकडं ओढली आणि निवडायला लागले. पानं आणि देठं एकाच ढिगात पडत होती, रागानं की आनंदानं ते मला आजही सांगता येणार नाही. शाळा सुटायला अजून बराच अवकाश होता, आणि मला पोरीला आणायला जायचं नव्हतं.